घरातील प्राणवायूचे साधन
परिसर-अभ्यास व अंकगणित यांचा संयुक्त पाठ : इयत्ता पाचवी ते सातवी

पाठाचे प्रयोजन

वेल्हे व भोर हे पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके होत. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. तथापि वेल्हे हे नाव लोकांच्या तोंडी आहेच. तोरणा व राजगड यांच्या पायथ्याशी आणि पानशेत, गुंजवणी व भाटघर या धरणांच्या वरच्या अंगास येथील वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात झाड पडून वीज जाणे व रस्ता अडणे ही येथे नवलाची गोष्ट नव्हे. अशा वस्तीतील एखाद्या आजी-आजोबांस डॉक्टर जेव्हा घरी प्राणवायू घेण्यास सांगतात, तेव्हा घरात एक अनोळखी यंत्र येते. ते कसे चालते, किती वेळ पुरेल, वीज गेल्यास काय करावे, हे घरात कोणास नीट ठाऊक नसते. मग कोणीतरी सतत जवळ बसावे असे ठरते आणि पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या मुलीसच घरी ठेवले जाते.

येथे शिक्षकाचा संबंध येतो. सिलिंडरात किती वायू आहे व तो किती तास पुरेल हा पाचवीच्या गुणाकार-भागाकाराचा प्रश्न आहे. घरास तो सोडविता आला आणि चार नियम सर्वांच्या अंगवळणी पडले, तर आजी अंथरुणाबाहेर येऊ शकते व नात शाळेत येऊ शकते. हेच ह्या पाठाचे प्रयोजन होय.

पाठाचे हेतू

१. हवेतील प्राणवायू व तो वेगळा काढण्याची रीत यांचे साधे ज्ञान देणे.
२. साधन किती वेळ पुरेल याचा हिशेब मुलांस करता येणे.
३. अग्नी, वीज व प्रवास यांसंबंधी घ्यावयाची काळजी समजणे.
४. प्राणवायूवर असलेल्या माणसाशी भीती न बाळगता व आदराने वागण्याची सवय लावणे.

साहित्य : मेणबत्ती, काचेचा पेला, काचनळी, लोखंडाचा कीस, पाण्याची थाळी, रिकामी बाटली, खडू-फळा. खरे सिलिंडर किंवा यंत्र वर्गात आणू नये. ते ज्याच्या श्वासासाठी आहे त्याच्याजवळच राहिले पाहिजे. फळ्यावरील आकृती पुरेशी आहे.

पहिली तासिका : हवा व यंत्र

प्रस्तावना प्रश्नांनी करावी. गड चढताना दम का लागतो? धावून आल्यावर श्वास जलद का होतो? चुलीत फुंकणीने वारा घातल्यावर जाळ का वाढतो? उत्तरांतून एवढे निघावे की शरीरास व अग्नीस, दोघांसही हवेतील प्राणवायू लागतो. त्यानंतर सांगावे की हवेच्या सुमारे १०० भागांत ७८ भाग नत्रवायू व २१ भाग प्राणवायू असतो.

येथे एक जुनी चूक टाळावी. पाण्याच्या थाळीत जळती मेणबत्ती ठेवून तिच्यावर पेला पालथा घातला की ती विझते व पेल्यात पाणी चढते. जेवढे पाणी चढले तेवढा प्राणवायू संपला, असे सांगण्याची चाल आहे. ते बरोबर नाही. मेणबत्ती विझते तेव्हाही पेल्यात प्राणवायू पुष्कळ उरलेला असतो. पाणी चढते ते मुख्यतः आतील तापलेली हवा थंड होऊन आकुंचन पावल्यामुळे. प्राणवायूचे प्रमाण दाखवावयाचे असल्यास ओल्या काचनळीच्या आत लोखंडाचा कीस चिकटवून ती पाण्यात पालथी ठेवावी. काही दिवसांनी लोखंड गंजते व नळीत सुमारे एक-पंचमांश उंचीपर्यंत पाणी चढलेले दिसते. मेणबत्तीचा प्रयोग प्राणवायूवाचून अग्नी जगत नाही, एवढे दाखविण्यापुरताच करावा.

नंतर घरी येणाऱ्या साधनांचे तीन प्रकार फळ्यावर मांडावेत.

पहिला, सिलिंडर. ह्यात कारखान्यातून दाबून भरलेला प्राणवायू असतो. भारतातील वैद्यकीय प्राणवायूच्या सिलिंडराचे अंग काळे व मानेकडील भाग पांढरा रंगविण्याची रीत आहे. ह्यास वीज लागत नाही, परंतु ते रिकामे होते.

दुसरा, विजेवर चालणारे घरातील यंत्र. लोक यास ऑक्सिजनची मशीन म्हणतात. हे रिकामे होत नाही, परंतु वीज गेली की बंद पडते.

तिसरा, खांद्यावर अडकविता येणारे बॅटरीचे लहान यंत्र. हे बरोबर नेता येते, परंतु बॅटरी संपली की थांबते.

प्रत्येक साधनाची एक सोय व एक उणीव आहे. म्हणून शहाणे घर एकाच साधनावर विसंबत नाही. हे वाक्य मुलांकडून वदवून घ्यावे.

यंत्र प्राणवायू कोठून आणते, असा प्रश्न मुले विचारतीलच. यंत्र तो तयार करीत नाही. खोलीतील हवेतूनच वेगळा काढते. त्याच्या पोटात झिओलाइट नावाच्या सच्छिद्र पदार्थाचे बारीक खडे भरलेल्या दोन नळ्या असतात. हवा दाबून एका नळीत सोडली की नत्रवायू खड्यांना धरून राहतो व प्राणवायू पुढे जातो. मग दाब सोडला की अडकलेला नत्रवायू बाहेर टाकला जातो. तोवर दुसरी नळी काम करते. यंत्रातून ठराविक वेळाने फुस्स असा आवाज येतो तो ह्यामुळेच. रुग्णास मिळणाऱ्या वायूत सामान्यतः शेकडा ९० ते ९५ भाग प्राणवायू असतो. दाब घालून व सोडून वायू वेगळे करण्याच्या ह्या रीतीचे पेटंट अमेरिकेत चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना १९६० मध्ये मिळाले.

झिओलाइट हा शब्द मुलांस परका वाटू देऊ नये. सह्याद्रीचा काळा कातळ हा प्राचीन लाव्हारसाचा खडक आहे. त्याच्या पोकळ्यांतून पांढरे, गुलाबी, चकाकणारे स्फटिक सापडतात; पुणे परिसरातील असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांपैकी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट हे झिओलाइटच होत. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा खडा तापविला तेव्हा त्यातील पाणी उसळून बाहेर आले, म्हणून त्याने त्यास ग्रीक भाषेतील शब्दांवरून 'उकळणारा दगड' ह्या अर्थाचे हे नाव दिले. यंत्रातील झिओलाइट कारखान्यात बनविलेले असते, परंतु कूळ तेच. विहीर खोदताना निघालेला असा खडा कोणाकडे असल्यास वर्गात अवश्य दाखवावा.

दुसरी तासिका : हिशेब

सिलिंडरास दोन गोष्टी जोडलेल्या असतात. दाब दाखविणारी काट्याची तबकडी आत किती वायू उरला ते सांगते. प्रवाह दाखविणारी नळी दर मिनिटास किती लिटर वायू बाहेर जातो ते सांगते. मुले ह्या दोहोंची गल्लत करतात, मोठी माणसेही करतात. म्हणून आधी दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढाव्यात.

फळ्यावर सूत्र लिहावे :

सिलिंडरात मावणारे पाणी (लिटर) × काट्याने दाखविलेला दाब = उरलेला वायू (लिटर)
उरलेला वायू ÷ दर मिनिटाचा प्रवाह = उरलेली मिनिटे

हा दाब दर चौरस सेंटिमीटरास किलोग्रॅम ह्या मापात घ्यावा. तबकडीवर दुसरे माप असल्यास भरून देणाऱ्याकडून समजून घ्यावे. उत्तर अंदाजी येते, परंतु घरच्या व्यवस्थेस पुरते.

उदाहरण १. दहा लिटर पाणी मावणारे सिलिंडर पूर्ण भरले असून काटा १५० वर आहे. डॉक्टरांनी मिनिटास २ लिटर प्रवाह सांगितला आहे. तर, १० × १५० = १५०० लिटर; १५०० ÷ २ = ७५० मिनिटे; म्हणजे १२ तास ३० मिनिटे.

उदाहरण २. त्याच सिलिंडराचा काटा ६० वर आला आहे. शेवटचे २० राखीव धरावयाचे आहेत. तर, ६० − २० = ४०; ४० × १० = ४०० लिटर; ४०० ÷ २ = २०० मिनिटे; म्हणजे ३ तास २० मिनिटे. काटा शून्यावर येईपर्यंत थांबू नये, हे येथे सांगावे.

उदाहरण ३. आजोबांस वेल्ह्याहून पुण्यास रुग्णालयात न्यावयाचे आहे. जाण्यास २ तास, तेथे ३ तास, येण्यास २ तास धरले. एकूण ७ तास, म्हणजे ४२० मिनिटे. मिनिटास २ लिटर प्रमाणे ८४० लिटर लागतील. वाटेत खोळंबा होतो, म्हणून निम्मे अधिक धरावे : ८४० + ४२० = १२६० लिटर. पाच लिटर पाणी मावणाऱ्या लहान सिलिंडरात १५० दाबास ७५० लिटर वायू असतो. तेव्हा एक लहान सिलिंडर पुरणार नाही. दोन लहान किंवा एक दहा लिटरचे न्यावे लागेल. हे गणित मुलांकडून गटागटाने सोडवून घ्यावे व प्रत्येक गटास 'निघावे की न निघावे' हा निर्णय सांगावयास लावावा.

उदाहरण ४. घरातील यंत्रास ३५० वॅट वीज लागते व ते रोज १५ तास चालते. ३५० × १५ = ५२५० वॅट-तास, म्हणजे ५.२५ युनिट. तीस दिवसांचे १५७.५ युनिट. वीजबिल वाढणार हे घराने आधीच ओळखावे. बिलाच्या भीतीने यंत्र मध्येच बंद ठेवणे धोक्याचे आहे.

असे का, हे सातवीच्या मुलांस शेकडेवारीच्या उदाहरणाने सांगता येते. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत फुप्फुसे कायमची दुबळी झालेले ८७ रुग्ण होते. रोज किमान १५ तास प्राणवायू घेतलेल्या ४२ पैकी १९ रुग्ण पाच वर्षांत दगावले. न घेतलेल्या ४५ पैकी ३० दगावले. मुलांनी शेकडेवारी काढावी : सुमारे ४५ व सुमारे ६७. ज्यांच्या रक्तात प्राणवायू फारच कमी आहे अशांसाठी डॉक्टर तासांची संख्या नेमून देतात, ती ह्याच कारणाने. ज्यास केवळ दम लागतो त्या प्रत्येकास प्राणवायू लागतोच असे मात्र नाही. ते तपासणीने डॉक्टरच ठरवितात.

लहान बॅटरीच्या यंत्रासंबंधी एक सूचना द्यावी. त्यातील पुष्कळ यंत्रे श्वास आत घेतानाच वायूचा झोत सोडतात. त्यावरील '२' हा आकडा मिनिटास २ लिटर नव्हे. म्हणून वरील सूत्र तेथे लावू नये. बॅटरी किती वेळ टिकते ते घरी घड्याळ लावून मोजावे. नवी असताना ४ तास टिकणारी बॅटरी पुढे ३ तासच टिकली, तर ती शेकडा ७५ वर आली. प्रवासाचा हिशेब ३ तासांवरच करावा.

तिसरी तासिका : अग्नी, वीज व घर

प्राणवायू स्वतः पेटत नाही, परंतु दुसऱ्यास भडकवितो. जे हवेत मंद जळते ते प्राणवायूत भडकते. म्हणून चूल, शेगडी, गॅस, समई, निरांजन, उदबत्ती व विडी यांपासून साधन व रुग्ण किमान ३ मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट दूर असावेत. मुलांनी शाळेच्या अंगणात पावलांनी हे अंतर मोजून पाहावे. माजघरात चूल व शेजारीच खाट अशी रचना असल्यास एक तर चूल पडवीत न्यावी, नाही तर खाट दुसरीकडे हलवावी.

चूल दूर नेण्यास दुसरेही कारण आहे. विडी-तंबाखू न ओढणाऱ्या बायांसही दम्यासारखा हा चिवट रोग होतो, तो बऱ्याच अंशी वर्षानुवर्षे घेतलेल्या चुलीच्या धुरामुळे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ह्याकडे जगाचे लक्ष वेधले. ज्या धुराने फुप्फुसे बिघडली त्याच धुरात बसून प्राणवायू घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

पुढील नियम मुलांनी वहीत उतरून घ्यावेत.

१. तेलकट हातांनी सिलिंडराच्या चावीस किंवा जोडास स्पर्श करू नये. तेथे खोबरेल तेल किंवा ग्रीस लावू नये. नाक कोरडे पडल्यास काय लावावे ते डॉक्टरांस विचारावे. व्हॅसलीन लावू नये.
२. नळी नाकातून काढल्यास वायू बंद करावा. चालू नळी गोधडीवर टाकल्यास गोधडीत प्राणवायू साठून राहतो. नळी काढल्यावर लगेच चुलीपाशी जाऊ नये. कपड्यांस मोकळी हवा लागू द्यावी.
३. सिलिंडर उभे, खांबास दोरीने बांधून, सावलीत ठेवावे. गोठ्यात वैरणीजवळ ठेवू नये. त्याची चावी त्यालाच दोरीने बांधून ठेवावी.
४. यंत्र भिंतीस चिकटवून किंवा पडद्याआड ठेवू नये. त्यातील स्पंजाची जाळी आठवड्यास धुऊन पूर्ण वाळवून बसवावी.
५. पाण्याची बाटली जोडलेली असल्यास त्यात उकळून गार केलेले पाणी घालावे व ते रोज बदलावे.
६. नळी वाटेत पसरू देऊ नये. खाटेच्या पायाखाली ती दबलेली नाही ना ते पाहावे. वायू येतो की नाही अशी शंका आल्यास नळीचे टोक स्वच्छ पाण्याच्या पेल्यात क्षणभर धरावे; बुडबुडे आले तर वायू चालू आहे. मग टोक पुसून कोरडे करावे.
७. वाहनात सिलिंडर बांधून ठेवावे, खिडकी थोडी उघडी असावी, कोणी विडी ओढू नये, आणि उभ्या गाडीत सिलिंडर उन्हात तापत ठेवू नये.

वीज जाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. यंत्र थांबले की बहुधा इशाऱ्याची घंटा वाजते. त्या वेळी शोधाशोध करावयाची नसते. सिलिंडर भरलेले, जोडलेले व हाताशी असावे लागते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्राने प्राणवायूचा तुटवडा सोसला. रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे धावली. त्याच आठवड्यात नाशिक येथे टाकीस गळती लागून पुरवठा तुटला आणि एका रुग्णालयातील वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच काळी नंदुरबार जिल्ह्याने मात्र साथीची दुसरी लाट येण्यापूर्वीच प्राणवायूचे प्रकल्प उभारून ठेवले होते. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या ह्या पूर्वतयारीची देशभर वाखाणणी झाली. जिल्ह्याला जो न्याय तोच घराला. मृग निघण्यापूर्वी जसे सरपण व धान्य आत घेतले जाते, तसे सिलिंडर भरून आणावे व बॅटरी रोज भरावी.

मुलांनी काय करू नये

हा भाग शिक्षकाने सावकाश व ठामपणे सांगावा. डॉक्टरांनी नेमून दिलेला प्रवाह कोणीही स्वतःच्या मनाने बदलू नये. 'आजीला धाप लागली, थोडा वाढवू' हा विचार मायेचा असला तरी घातक ठरू शकतो. जुनाट फुप्फुसविकाराच्या काही रुग्णांस प्राणवायू फार दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, सुस्ती येते, माणूस बेशुद्धही होतो. म्हणूनच अशा रुग्णांस डॉक्टर बहुधा बोटावरील मापकाचा आकडा ८८ ते ९२ यांमध्येच राखण्यास सांगतात. तो १०० करण्याचा हट्ट धरू नये. बोट थंड असल्यास किंवा नखास रंग असल्यास आकडा चुकीचा येऊ शकतो, हेही सांगावे.

ओठ निळसर होणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, नेहमीपेक्षा फार सुस्ती किंवा बरळणे ह्यांपैकी काही दिसल्यास मुलाने प्रथम मोठ्या माणसास हाक मारावी व १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. हा क्रमांक, गावाचे नाव व घराची खूण मुलास न अडखळता सांगता आली पाहिजे. त्याचा वर्गात सराव घ्यावा. साधनाची जबाबदारी मात्र घरातील प्रौढ माणसाचीच होय.

रुग्णाशी वर्तन

नाकात नळी असलेल्या माणसास पाहून मुले बिचकतात किंवा हसतात. नळीने कोणास रोग लागत नाही, हे स्पष्ट सांगावे. चष्मा जसा डोळ्यास, काठी जशी पायास, तशी ही नळी श्वासास मदत करते. प्राणवायू हा अंथरुणास खिळवून ठेवण्यासाठी दिलेला नसतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या माणसाने उठावे, अंगणात फिरावे, चार लोकांत मिसळावे. झेंडावंदनास एखादे आजोबा लहान यंत्र खांद्यास लावून आले, तर त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची मांडावी आणि दीप व उदबत्ती त्यांच्यापासून दूर लावावी. एवढे केले तरी गावाला निम्मा पाठ शिकविल्यासारखे होईल.

फलकलेखन : तीन साधने व त्यांच्या उणिवा, हिशेबाचे सूत्र, दहा फूट, प्रवाह बदलू नये, १०८.

स्वाध्याय

१. दहा लिटरच्या सिलिंडराचा काटा ९० वर आहे, प्रवाह मिनिटास दीड लिटर आहे व २० राखीव आहेत. वायू किती वेळ पुरेल? (उत्तर : ४६६ मिनिटांहून थोडा अधिक; सुमारे पावणेआठ तास.)
२. आपल्या घराचा आराखडा काढा. चूल, देवघर व खाट यांतील अंतरे पावलांनी मोजून लिहा.
३. जाड कागदावर भिंतीचा तक्ता तयार करा : डॉक्टर, सिलिंडर भरून देणारा, वायरमन, शेजारी व १०८ यांचे क्रमांक, नेमून दिलेला प्रवाह, रोजचे तास, काटा पाहिल्याची वेळ व आकडा यांसाठी रकाने.

ज्या घरी साधन आहे तेथे हा तक्ता मुलाने आईवडिलांच्या मदतीने भरून लावावा. शिक्षकाने शक्यतो आशाताईंस बरोबर घेऊन तेथे एकदा भेट द्यावी. ते घर मुलास किंवा मुलीस वरचेवर घरी ठेवीत असल्यास हजेरीपत्रक घेऊन रागावण्यास जाऊ नये. तक्त्याजवळ उभे राहून वडीलधाऱ्यांसमवेत हिशेब करावा. काटा किती वाजता पाहिला व पुन्हा किती वाजता पाहावयाचा हे ठरले, आणि त्या वेळी कोणता मोठा माणूस घरी असेल हे लिहिले गेले, म्हणजे मुलीस दिवसभर राखणीस बसविण्याचे कारण उरत नाही. भेटीनंतर तिची हजेरी महिनाभर पाहावी व तिची नोंद पाठाच्या टाचणाखाली करावी.